आनंद विहार : रस्ता एक, मजुरीचे दर दोन

राजधानी दिल्लीची पूर्वेकडील हद्द जिथे संपते आणि उत्तर प्रदेशचा गाझियाबाद जिल्हा जिथे सुरू होतो, नेमक्या त्या रेषेवर आनंद विहार वसले आहे. महाराष्ट्रातील वाचकांना कल्पना यावी म्हणून सांगायचे, तर कुर्ल्याचे टर्मिनस, एखादे मोठे एस. टी. स्थानक आणि दोन मेट्रो मार्गांचे जंक्शन उचलून एकाच चौकात आणून ठेवावे, तसे हे ठिकाण आहे. आंतरराज्य बसस्थानक येथे १९९३ साली सुरू झाले. बिहार, पूर्व उत्तर प्रदेश, बंगाल या दिशांच्या गाड्यांसाठी रेल्वेचे टर्मिनस डिसेंबर २००९ मध्ये उघडले. त्यानंतर महिन्याभरातच मेट्रोची निळी मार्गिका आली, ऑक्टोबर २०१८ मध्ये गुलाबी मार्गिका आली आणि ५ जानेवारी २०२५ पासून मीरतच्या दिशेने धावणारी ‘नमो भारत’ ही जलदगती रेल्वे जमिनीखालून येथे थांबू लागली. रस्त्याच्या पलीकडे कौशांबी येथे उत्तर प्रदेश परिवहनचे आगार आहे. ते मात्र दुसऱ्या राज्यात!

कामाच्या दिवशी सकाळी येथे काही तास उभे राहिले, तर राजधानीचा गाडा कोण ओढते हे समजण्यासाठी कोणताही ग्रंथ उघडावा लागत नाही. जेवणाच्या डब्याची पिशवी खांद्याला लावलेले हजारो स्त्री-पुरुष चारही दिशांनी येतात आणि चारही दिशांनी जातात. कोणी पॅसेंजर गाडीतून उतरून मेट्रोचा जिना चढतो, कोणी उत्तर प्रदेशच्या बसमधून उतरून, वाहनांची रांग ओलांडून दिल्ली परिवहनची बस गाठतो, कोणी ई-रिक्षात सहावा म्हणून अंग चोरून बसतो. शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया, इस्पितळांतील सफाई कामगार, पहारेकरी, बांधकाम मजूर, दुकानांतील विक्रेते, कंत्राटावरचे कारकून. हिवाळ्यात ही सारी गर्दी देशातील अत्यंत विषारी हवेत उभी असते. हवेच्या प्रदूषणाचे आकडे प्रसिद्ध होतात तेव्हा आनंद विहारच्या मापन केंद्राचे नाव वारंवार अग्रस्थानी येते, हे वृत्तपत्रवाचकांना ठाऊकच आहे. बसची वाट पाहत अर्धा तास ही हवा कोणाच्या छातीत जाते, हे त्या आकड्यांबरोबर छापले जात नाही.

सरकारी परिभाषेत या ठिकाणाला ‘बहुविध वाहतूक केंद्र’ म्हणतात. एकाच जागी पाच वाहतूक सेवा, म्हणजे नियोजनाचा केवढा विजय! परंतु प्रवाशाच्या बाजूने पाहिले तर वेगळेच दिसते. या सेवा एका ठिकाणी आल्या आहेत, एकत्र आलेल्या नाहीत. प्रत्येकीचे फाटक वेगळे, झडती वेगळी, तिकीट वेगळे आणि भाड्याचे कोष्टक वेगळे. मेट्रोचे कार्ड बसमध्ये चालावे अशी व्यवस्था दिल्लीत २०१८ पासून झाली आणि तिचा गाजावाजाही झाला. पण एक कार्ड म्हणजे एक भाडे नव्हे. कार्ड एकच असले तरी प्रत्येक वाहनात चढताना पहिल्या टप्प्याचे भाडे पुन्हा नव्याने द्यावे लागतेच. ज्याचे घर आणि काम एकाच मार्गावर आहे त्याला ही बाब जाणवत नाही. ज्याला स्वस्त खोलीच्या शोधात हद्दीपलीकडे राहावे लागते, त्यालाच दोन-तीन वाहने बदलावी लागतात. म्हणजे जो गरीब, त्याच्यावरच जोडप्रवासाचा हा अघोषित कर बसतो.

भाड्याच्या आधी मजुरीचा विचार केला पाहिजे, कारण या जागेचे खरे रहस्य तिथे आहे. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत अकुशल कामगाराचे किमान वेतन दरमहा १८,४५६ रुपये ठरले. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात तशाच कामाचे किमान वेतन सुमारे अकरा हजार रुपये होते. आनंद विहार आणि कौशांबी यांच्यामध्ये एक रस्ता आहे. तो ओलांडायला पायी दहा मिनिटेही लागत नाहीत. तरी या दहा मिनिटांत श्रमशक्तीची कायदेशीर किंमत सात हजारांहून अधिक रुपयांनी उतरते. डाळ, तांदूळ, गॅस आणि औषधे यांचे भाव मात्र हा रस्ता ओलांडताना बदलत नाहीत. भांडवलदाराला कारखाना साहिबाबादला ठेवून माल दिल्लीत विकता येतो. कामगाराला पोट पलीकडे ठेवून श्रम अलीकडे विकता येतातच असे नाही. आणि अलीकडे विकले तरी दिल्लीचा दर कंत्राटदाराने हातात ठेवला पाहिजे ना! पूर्ण किमान वेतनाच्या आकड्यावर सही घेऊन त्यातले काही हजार परत मागण्याची पद्धत या भागातील कामगार इतक्या सहजपणे सांगतात, की जणू तो पगारपत्रकातला एक रकानाच आहे.

‘राष्ट्रीय राजधानी प्रदेश’ हे नाव राज्यकर्ते मोठ्या अभिमानाने घेतात. जमीन विकायची असते तेव्हा हा सारा प्रदेश एक असतो. गृहसंकुलांच्या जाहिरातींत गाझियाबाद दिल्लीपासून ‘काही मिनिटांवर’ असते. परंतु वेतन द्यायचे असते, बसची सवलत द्यायची असते, संकटात आसरा द्यायचा असतो, तेव्हा अचानक राज्यांच्या सीमा जाग्या होतात.

या सीमेला आव्हान देण्याचा एक मोठा प्रयत्न याच परिसराने पाहिलेला आहे. नोव्हेंबर १९८८ मध्ये दिल्ली आणि भोवतालच्या औद्योगिक पट्ट्यातील कामगारांनी सिटूच्या नेतृत्वाखाली सात दिवसांचा संप केला. किमान वेतन दरमहा १०५० रुपये करावे ही त्यातील प्रमुख मागणी होती. त्या संपाच्या प्रचारासाठी जन नाट्य मंचाने बसवलेल्या पथनाट्यातूनच पुढे ‘हल्ला बोल’ तयार झाले. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या झंडापूर वस्तीत ते सादर होत असताना कॉम्रेड सफदर हाश्मी यांच्यावर गुंडांनी प्राणघातक हल्ला केला. त्या हल्ल्यात राम बहादूर हा कामगार मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सफदर गेले. ४ जानेवारीला मलयश्री हाश्मी आणि त्यांचे सहकारी त्याच जागी परतले व त्यांनी ते नाटक पूर्ण केले. झंडापूर आनंद विहारपासून फार दूर नाही. आज त्या बाजूने जलद गाडी धावते. वेतनाची सीमा मात्र जिथे होती तिथेच आहे, आणि १९८८ नंतर त्या पट्ट्यातील कायम कामगारांची जागा ज्या प्रमाणात कंत्राटी कामगारांनी घेतली आहे, ते पाहता ती ओलांडणे अधिक कठीण झाले आहे.

आता भाड्याकडे वळू. दिल्ली मेट्रोचे भाडे २०१७ साली एकाच वर्षात दोनदा वाढले, मे महिन्यात आणि ऑक्टोबरात. कमाल भाडे ३० रुपयांवरून ६० रुपयांवर गेले. माहिती अधिकारात बाहेर आलेल्या आकड्यांनुसार रोजची सरासरी प्रवासीसंख्या सप्टेंबरात २७.४ लाख होती, ती ऑक्टोबरात २४.२ लाखांवर आली. हे तीन लाख प्रवासी कुठे गेले, याची चौकशी करण्याची गरज कोणाला भासली नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा वाढ झाली आणि बारा ते एकवीस किलोमीटरच्या टप्प्याचे भाडे ४३ रुपये झाले. जाऊन-येऊन ८६, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २,२३६ रुपये. कार्डावरची दहा टक्के सूट वजा केली तरी दोन हजारांच्या वरच. अकरा हजार मजुरीतून हे गेले तर खोलीभाडे कशातून द्यायचे? भाडे ठरवणारी समिती २००२ च्या मेट्रो कायद्याने स्थापन होते. तिचे अध्यक्ष न्यायाधीश असतात आणि सदस्य केंद्र व राज्य सरकारे नेमतात. प्रवाशांचा प्रतिनिधी तिच्यात असावा, अशी तरतूद कायद्यात नाही.

येथे एका गोष्टीकडे आपण फारसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हाला वाटते. दिल्ली मेट्रोला रोजच्या प्रवाशासाठी मासिक पास नाही. मुंबईकर कामगाराला हे ऐकून नवल वाटेल, कारण त्याच्या जीवनात पासाचे स्थान रेशनकार्डाइतकेच पक्के आहे. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा पास आजही काही शे रुपयांत मिळतो, आणि आनंद विहार, साहिबाबाद, गाझियाबाद या टापूतून पॅसेंजर गाड्यांनी ये-जा करणारा कामगार त्याच आधारावर टिकून आहे. पास ही केवळ सवलत नाही. पासाने प्रवाशाचा एक कायमचा समुदाय तयार होतो. त्याला एक सामाईक हित असते, तो एकाच वेळी चिडतो आणि एकाच वेळी उठतो. जून २०१४ मध्ये नव्या केंद्र सरकारने भाडेवाढीबरोबर मासिक पासाचे दरही जवळजवळ दुप्पट करण्याचा घाट घातला, तेव्हा मुंबईत असा क्षोभ उसळला की काही दिवसांतच पासाची वाढ मागे घ्यावी लागली. महाराष्ट्रातील विधानसभा निवडणूक तोंडावर होती, हे खरे. पण निवडणुकीचे भय कोणाचे वाटते? संघटित समुदायाचे. मेट्रोचा प्रवासी मात्र रोज फाटकाशी एकटा उभा असतो, रोज नवा ग्राहक असतो. त्यामुळे २०१७ साली तीन लाख लोक निमूटपणे निघून गेले.

आणि जे रेल्वेकडे परतले, त्यांच्या वाट्याला काय आले? महामारीनंतर पॅसेंजर गाड्या पुन्हा सुरू करताना रेल्वेने त्यांना ‘विशेष’ गाड्या ठरवून एक्स्प्रेसचे भाडे लावले. दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. तीच गाडी, तेच डबे, तोच वेग! फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक दारात आली, तेव्हा कुठे ते दर पूर्ववत झाले.

बसने प्रवास करणाऱ्या स्त्रियांची गोष्ट निराळी आहे आणि ती नीट समजून घेतली पाहिजे. २९ ऑक्टोबर २०१९ पासून दिल्लीच्या बसमध्ये स्त्रियांना मोफत प्रवास मिळू लागला. वाहक गुलाबी तिकीट देई, पत्ता विचारीत नसे. गाझियाबादच्या बाजूला राहून ओखल्याच्या एका कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका स्त्रीशी आमचे बोलणे झाले. मेट्रोने ती निम्म्या वेळात पोहोचू शकते, पण ती बस धरते. रोज दीड तास अधिक जातो. “महिन्याला दोन हजार वाचतात, त्यात मुलाची शिकवणी होते,” एवढेच ती म्हणाली. २०२५ साली दिल्लीच्या नव्या सरकारने जाहीर केले, की ही सवलत पुढे खास कार्डावर आणि दिल्लीच्या रहिवासी स्त्रियांनाच मिळेल. या निर्णयाची कुऱ्हाड नेमकी आनंद विहारच्या फलाटावर पडते. या स्त्रीचे श्रम दिल्लीचे, तिने शिवलेल्या कपड्यांचा नफा दिल्लीचा, पत्ता मात्र परराज्यातला. रहिवासी नसलेल्यांवर करदात्यांचा पैसा का उधळावा, असा युक्तिवाद केला जातो. आम्ही विचारतो, ज्या राजधानीला या बाईच्या हातांशिवाय दिवस काढता येत नाही, ती तिच्या घराचा पत्ता कोणत्या तोंडाने विचारते?

बसगाड्यांच्या प्रश्नावर राज्यकर्त्यांचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. १९९२ नंतर दिल्लीचे रस्ते खाजगी ‘रेडलाइन’ बसना मोकळे करण्यात आले. जास्त फेऱ्या, जास्त पैसे, या हिशेबाने त्या परस्परांशी शर्यत लावीत आणि माणसे चिरडीत. लोक संतापले तेव्हा रंग बदलून त्यांना ‘ब्लूलाइन’ करण्यात आले. अखेर पुन्हा लोकांच्या संतापामुळेच त्या बंद कराव्या लागल्या. खाजगीकरणाचा हा प्रयोग एवढ्या मृत्यूंनंतर फसला, तरी धडा घेतला गेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये आदेश दिला होता, की १ एप्रिल २००१ पर्यंत दिल्लीत दहा हजार बसगाड्या असाव्यात. २०२५ सालीही सरकारी ताफा त्या आकड्यापासून दूरच होता. ज्या नव्या विजेच्या बस येतात त्या कंत्राटदाराच्या असतात, चालकही त्याचाच असतो, आणि महामंडळ फक्त किलोमीटरचे पैसे मोजते. मुंबईत बेस्टच्या भाडेतत्त्वावरील गाड्यांनी काय केले, हे आपल्या वाचकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्या बेस्टचे किमान भाडे मे २०२५ मध्ये पाच रुपयांवरून दहा रुपये झाले.

याउलट पैसा कुठे आहे ते पाहा. दिल्ली-मीरत जलदगती रेल्वे ८२ किलोमीटरची आहे आणि तिच्यावर तीस हजार कोटींहून अधिक खर्च मंजूर झाला. गाडी उत्तम आहे, हे कबूल करायला हरकत नाही. मीरतचा कामगार तासाभरात दिल्लीत पोहोचत असेल तर त्यात वाईट काय? पण याही गाडीत एक ‘प्रीमियम’ डबा आहे, ज्याचे किमान भाडे सुरुवातीला चाळीस रुपये ठरले, तर साध्या डब्याचे वीस. एवढ्या छोट्या अंतरातही वर्गभेदाशिवाय आपल्या नियोजनकारांना चैन पडत नाही. आणखी एक गंमत अशी, की ही गाडी चालवण्याचे व देखभालीचे बारा वर्षांचे कंत्राट २०२२ साली जर्मन रेल्वेच्या येथील कंपनीला मिळाले. जर्मन रेल्वे संपूर्णपणे जर्मन सरकारच्या मालकीची आहे! म्हणजे सार्वजनिक क्षेत्राला गाड्या चालवता येतात, हे आमच्या सरकारला मान्य आहे. ते सार्वजनिक क्षेत्र फक्त परदेशातले असावे लागते.

काही कार्यकर्त्यांमध्ये असा सूर ऐकू येतो, की मेट्रो हा मध्यमवर्गाचा प्रकल्प आहे, त्यात आपण कशाला पडायचे. हा सूर आम्हाला साफ अमान्य आहे. दिल्ली मेट्रो केंद्र आणि राज्य सरकार यांच्या समान मालकीची आहे, म्हणजे जनतेच्या मालकीची आहे. ती बांधणारे मजूर याच वर्गाचे होते. गुलाबी मार्गिकेवर त्रिलोकपुरीचा तुकडा काही घरांच्या पुनर्वसनाअभावी वर्षानुवर्षे रखडला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये जोडला गेला, तेव्हा पूर्व दिल्लीतल्या वस्त्यांना दक्षिण दिल्लीच्या कामांकडे जाण्याचा सरळ मार्ग मिळाला. त्या मार्गावर कामगाराला परवडेल असा पास मागायचा की मेट्रोच परकी समजून तिच्याकडे पाठ फिरवायची? दिल्लीच्या भोवतीची रिंग रेल्वे १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी सजवली गेली आणि नंतर स्थानकांना बस जोडल्या न गेल्याने जवळजवळ रिकामी धावत राहिली. सार्वजनिक मालमत्ता लोकांनी हक्काने वापरली नाही, तर ती अशीच गंजते आणि मग ‘तोट्यातली’ म्हणून विकायला काढली जाते.

आनंद विहारचे नाव साऱ्या देशाला माहीत झाले ते २८ मार्च २०२० रोजी. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधान दूरचित्रवाणीवर आले आणि चार तासांत देश बंद झाला. मराठीत आपण त्या बंदीला ‘टाळेबंदी’ म्हटले. गिरणगावातल्या माणसाला हा शब्द नवा नव्हता. मालक फाटकाला कुलूप लावतो, मजुरी थांबते आणि जबाबदारी कामगाराची, हाच त्याचा जुना अर्थ. नवा अर्थही तोच निघाला. रेल्वे आणि मेट्रो आधीच थांबल्या होत्या. हाताला काम नाही, खोलीचे भाडे थकलेले, अशा स्थितीत उत्तर प्रदेश सरकार हजार बस सोडणार असल्याची घोषणा झाली आणि हजारो कुटुंबे डोक्यावर बोचकी, कडेवर मुले घेऊन आनंद विहारला आली. त्या दिवसाची छायाचित्रे जगभर छापली गेली. दुसऱ्याच दिवशी केंद्राने राज्यांना सीमा बंद करण्याचा हुकूम दिला आणि दिल्लीच्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना निलंबित करून आपले हात धुतले. रोज सकाळी याच चौकातून जाणारी माणसे प्रथमच देशाला दिसली, ती जेव्हा शहर सोडून निघाली तेव्हा.

मजुरांसाठी ‘श्रमिक’ गाड्या सुरू झाल्या त्या १ मे रोजी. आठवड्याभरात, ८ मेच्या पहाटे, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून भुसावळकडे पायी निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली गेले. श्रमिक गाड्यांतही ९७ प्रवासी दगावल्याचे रेल्वेमंत्र्यांनी सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत सांगितले. त्याच अधिवेशनात, वाटेत किती स्थलांतरित मजूर मेले याची आकडेवारी उपलब्ध नाही, असे उत्तर कामगार मंत्रालयाने दिले. ज्यांची उपस्थिती फक्त पुरवठादाराच्या वहीत असते, त्यांच्या मृत्यूची नोंद मंत्रालयात कुठून असणार?

आपल्या संघटनांची बांधणी कारखान्याच्या फाटकावर झाली आहे. ती योग्यच आहे. परंतु जिथे मालक दर सहा महिन्यांनी कंत्राटदार बदलतो आणि कामगाराला आपला खरा धनी कोण हेही सांगता येत नाही, तिथे फाटकावर भेटणारा कामगार पुढच्या महिन्यात तिथे असेलच असे नाही. वाहतुकीच्या चौकात तो रोज असतो. शंभर कारखान्यांचे, दोन राज्यांचे, तीन-चार धंद्यांचे कामगार एका तासात येथून जातात. १९८८ च्या संपाने दिल्ली आणि गाझियाबाद हा एकच लढा मानला होता. ठाणे-कल्याण-भिवंडी पट्ट्यातील आपले कार्यकर्तेही स्थानकाबाहेरच्या सभा आणि पासधारकांचे प्रश्न यांचा अनुभव बाळगून आहेत. त्याचा उपयोग येथील साथींना करून देता येईल.

मागण्या अवघड नाहीत. मेट्रोचा आणि बसचा मिळून एक मासिक पास असावा, आणि त्याची किंमत उत्तर प्रदेशच्या किमान वेतनाकडे पाहून ठरावी. स्त्रियांचा मोफत प्रवास कामाच्या ठिकाणावर असावा, घराच्या पत्त्यावर नव्हे. भाडे समितीत प्रवाशांचे आणि मेट्रो कामगारांचे प्रतिनिधी असावेत. आणि संपूर्ण राजधानी प्रदेशात किमान वेतनाचा दर एक असावा. या मागण्यांची पत्रके आनंद विहारला आणि कौशांबीला एकाच सकाळी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाटली गेली पाहिजेत, आणि कौशांबीच्या बाजूच्या पत्रकावरही वेतनाचा आकडा दिल्लीचाच छापलेला असला पाहिजे.